उदबत्तीचा धूर आणि दाराशी ठेवलेला डबा

2025 च्या जानेवारीत आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिनाभर नुसता कल्ला होता. महिन्याच्या सुरुवातीला एचएमपीव्ही नावाच्या विषाणूच्या बातम्या आल्या, तेव्हा कुणीतरी लिहिलं, "मास्क काढा रे बाहेर." तो धुरळा बसतो न बसतो तोच पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे रुग्ण सापडू लागले. मग तळमजल्यावरच्या काकांनी मला जिन्यात गाठलं. "पुण्याला लग्नाला जायचंय. मास्क लावून गेलं तर चालेल ना?"

मी म्हटलं, "काका, मास्क राहू द्या. पाणी उकळून घेतलेलं प्या."

त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. साथ म्हटली की मास्क, हे समीकरण 2020 पासून आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की प्रत्येक नव्या आजाराला आपण तेच कुलूप लावायला धावतो. जीबीएस, म्हणजे गिलियन-बारे सिंड्रोम, हा आजार एकाचा दुसऱ्याला होतच नाही. एखाद्या जंतुसंसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती भलतीकडेच वळते आणि स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते, हातापायांतली ताकद जाते. पुण्यातल्या काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला. हा पोटात जातो तो दूषित पाण्यातून आणि नीट न शिजलेल्या अन्नातून. तिथे नाकावरच्या मास्कचा काय उपयोग? एचएमपीव्ही मात्र श्वासातून पसरतो, आणि तो नवाही नाही. 2001 मध्येच त्याची ओळख पटलेली आहे.

काकांना जिन्यात उभ्याउभ्या सगळं सांगणं जमलं नाही. तेच इथे जरा निवांत सांगतो.

## आधी विचारायचं : हा आजार प्रवास कसा करतो?

साथ म्हणजे एखाद्या भागात एखाद्या आजाराचे नेहमीपेक्षा बरेच जास्त रुग्ण दिसणं. तीच साथ देशोदेशी पसरली की तिला महासाथ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला 11 मार्च 2020 रोजी महासाथ म्हटलं. शब्दार्थ एवढाच. "महा" हे पसाऱ्याबद्दल आहे, आजार किती घातक त्याबद्दल नाही.

कुठल्याही साथीत पहिला प्रश्न एकच. जंतू या माणसाकडून त्या माणसाकडे जातो कसा? हवेतून, पाण्यातून, डासा-पिसवांतून की स्पर्शातून? याचं उत्तर हाती नसताना केलेली धावपळ किती वाया जाते, ते आपल्याच इतिहासात आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, पुढे पुण्यात पसरला. सरकारने घरं तपासली, सामान जाळलं, माणसं उचलून छावण्यांत नेली. पण तो उंदरांच्या अंगावरच्या पिसवांतून येतो, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं ते 1898 मध्ये. घराघरांत सोजीर, म्हणजे गोरे शिपाई, शिरत होते तेव्हा उंदीर आपल्या वाटेने निवांत पुढच्या आळीत जात होते.

पुढच्या वेळी टीव्हीवर नवं नाव झळकलं की मृतांचा आकडा बघण्याआधी ही एक ओळ शोधा : प्रसार कसा होतो. ती सापडली की निम्मी भीती आणि निम्मी वायफळ खरेदी, दोन्ही टळतात.

यापुढे मी श्वासातून पसरणाऱ्या साथीबद्दलच बोलणार आहे. घराघराला घरात बसवते ती हीच.

## "हवेतून" म्हणजे नेमकं कसं?

देवघरात उदबत्ती लावा आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसा. दारं-खिडक्या बंद असतील तर पाच-दहा मिनिटांत वास तुमच्यापर्यंत येतो, आणि उदबत्ती विझल्यावरही बराच वेळ रेंगाळतो. गॅलरीत लावलेल्या उदबत्तीचा वास शेजारी उभं राहिल्याशिवाय येत नाही.

माणसाच्या श्वासाचं असंच आहे. बोलताना, खोकताना, गाताना तोंडातून ओलसर कण बाहेर पडतात. मोठे कण दगडासारखे एक-दोन मीटरच्या आत खाली पडतात. "दो गज दूरी" ही या मोठ्या कणांसाठी. बारीक कण मात्र उदबत्तीच्या धुरासारखे तरंगत राहतात. बंद खोलीत दोन मीटरवर बसलेल्यालाही ते गाठतात.

याचं एक उदाहरण जगभर अभ्यासलं गेलं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट परगण्यात 10 मार्च 2020 रोजी एका गायकवृंदाची अडीच तास तालीम झाली. 61 माणसं होती, त्यातल्या एकाला सर्दीसारखा त्रास होत होता. उरलेल्यांपैकी 52 जणांना आजार झाला, म्हणजे खात्रीचे आणि संभाव्य असे दोन्ही रुग्ण धरून. दोघं दगावले. मी हे वाचलं तेव्हा डोळ्यांसमोर आमचं भजनी मंडळच आलं. बंद सभागृह, टाळ-मृदंगावर चढलेला आवाज, आणि शेवटच्या गजराला सगळ्यांची तोंडं उघडी.

यातून तीन गोष्टी लक्षात ठेवल्या की पुरे. हवा कोंडलेली आहे का, आपण तिथे किती वेळ आहोत, आणि आवाज किती चढलेला आहे. बाजारात भाजीवाल्या मावशींसमोर दोन मिनिटं उभं राहणं आणि एसी लावलेल्या हॉलमध्ये तीन तास लग्नाच्या पंगतीत बसणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. 2020 मध्ये आपण भाजी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवत होतो, दुधाच्या पिशव्या साबणाने धूत होतो, आणि मग सगळे मिळून बंद खोलीत पत्ते कुटत होतो. मीही.

खिडकी उघडताना समोरासमोरच्या दोन उघडा, म्हणजे वारा आरपार जातो. एकच उघडली तर हवा आळसावते. पंखा खिडकीत बाहेरच्या दिशेने तोंड करून ठेवला तर तो आतली हवा ढकलून देतो. याला खर्च काही नाही, म्हणूनच बहुधा याची जाहिरातही कुणी केली नाही.

## व्याजाचा हिशेब

एक रुग्ण सरासरी किती जणांना आजार देतो, या आकड्याला तज्ज्ञ "आर" म्हणतात. कोविडच्या मूळ विषाणूचा आर, काहीच काळजी घेतली नाही तर, साधारण 2 ते 3 होता. गोवराचा 12 ते 18 धरतात. (म्हणून गोवराची लस चुकवू नका, हे जाता जाता.)

आता सावकाराचं चक्रवाढ व्याज आठवा. आर अडीच असेल तर एका रुग्णापासून सुरू झालेल्या साखळीत दहाव्या फेरीला सुमारे 9,500 नवे रुग्ण होतात. काळजी घेऊन तोच आकडा निम्म्यावर, म्हणजे सव्वावर आणला, तर दहाव्या फेरीला किती? निम्मे नव्हेत. नऊ. 0.9 वर आणला तर साखळी हळूहळू विझतेच.

"मी एकट्याने मास्क लावून काय होणार" या प्रश्नाचं उत्तर या गणितात आहे. कुणा एकालाच शंभर टक्के सुरक्षित व्हायचं नसतं. सगळ्यांनी थोडं थोडं कमी द्यायचं असतं.

आणखी एक खोच. कोविडमध्ये लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस इतरांना आजार देऊ शकतो. त्यामुळे "आमच्या भागात अजून एकही रुग्ण नाही" हे वाक्य नेहमी शिळं असतं. आज दिसणारे रुग्ण म्हणजे आठवड्यापूर्वीची परिस्थिती. वीजबिलासारखं आहे, या महिन्यात हातात पडतं ते मागच्या महिन्याच्या वापराचं.

## धोतराच्या घड्या

"एवढं सगळं करूनही होतोच की," हा आक्षेप खरा आहे. कुठलाच उपाय पूर्ण नाही.

पूर्वी विहिरीचं पाणी धोतराच्या फडक्यातून गाळायचे. एक घडी ठेवली तर कचरा निसटतो. चार घड्या केल्या की एका घडीतल्या भोकासमोर दुसरीचा धागा येतो, आणि पाणी बऱ्यापैकी निवळ उतरतं. साथीतले उपाय या घड्यांसारखे आहेत. मोकळी हवा ही एक घडी. चांगला मास्क दुसरी. एन-95 मास्क बारीक कणांपैकी किमान 95 टक्के अडवतो, पण तो चेहऱ्याला चिकटून बसला तरच. नाकाशी फट राहिली की हवा तिथूनच वाट काढते. आणि झडप असलेला मास्क तुमचा उच्छ्वास न गाळता बाहेर सोडतो, म्हणजे शेजाऱ्याला त्याचा उपयोग नाही. तिसरी घडी, बरं नसेल तर घरी थांबणं. चौथी लस. हात धुणंही आहेच. साबणाने विषाणूचं चरबीचं वेष्टन फुटतं, म्हणून वीस सेकंद तरी चोळायचे.

काही घड्या मात्र नुसत्या दिखाव्याच्या असतात. रस्त्यावर औषध फवारत जाणारे टँकर आठवतात? ती घडीच नव्हती. रस्त्यांवर अशी फवारणी करू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने मे 2020 मध्येच सांगितलं होतं. माणसांवर फवारणं तर सरळ अपायकारक. पण टँकर दिसतो, आवाज करतो, त्याच्यासोबत फोटो निघतो. उघड्या खिडकीसोबत फोटो काढून कोण टाकणार?

## "लस घेऊनही झालाच ना?"

झाला. मलाही झाला. इमारतीच्या वॉचमनला चोराचा फोटो आधीच दाखवून ठेवला, तर चोर कंपाउंडची भिंत चढणारच नाही असं नाही. पण तो कपाटापर्यंत पोचायच्या आत पकडला जातो. लस शरीराला हा फोटो दाखवते. नाकात-घशात विषाणू शिरतो, सर्दी-ताप होतो, पण फुप्फुसांपर्यंतची मजल बहुतेकांच्या बाबतीत रोखली जाते. चोराने वेष बदलला की, म्हणजे विषाणूचं नवं रूप आलं की, फोटोही नवा लागतो.

लशीबद्दलचा संशय आपल्याकडे जुना आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली, तेव्हाही लोक कचरत होते. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या संस्थेला त्यांचं नाव आहे ते याच कामामुळे.

## "घरी बसा" म्हणणं सोपं असतं

आता मला ज्याबद्दल मुख्यतः बोलायचंय, त्याच्याकडे येतो. वरचे सगळे उपाय करायला काहीतरी लागतं. खिडकी उघडायला खिडकी लागते. वेगळ्या खोलीत राहायला वेगळी खोली लागते. घरी बसायला, न जाता पगार येईल असं काम लागतं.

धारावी बघा. अडीच चौरस किलोमीटरच्या आत साडेआठ लाखांच्या आसपास वस्ती, दहा बाय दहाच्या खोलीत सात-आठ माणसं, आणि बहुतेकांना सार्वजनिक संडासच. 1 एप्रिल 2020 रोजी तिथे पहिला रुग्ण सापडला तेव्हा आता काय होणार या विचाराने सगळ्यांच्या पोटात गोळा आला होता. मुंबई महापालिकेच्या लोकांच्या एक गोष्ट लवकर ध्यानात आली. इथे "घरीच वेगळे राहा" हे सांगणं म्हणजे थट्टा आहे. मग त्यांनी उलटा रस्ता धरला. रुग्ण आपल्याकडे यायची वाट बघायची नाही, आपणच विषाणूच्या मागे लागायचं. खासगी दवाखाने चालवणारे वस्तीतलेच डॉक्टर पीपीई किट घालून गल्ल्यांत फिरले, ताप असलेले शोधले. शाळा, क्रीडासंकुल ताब्यात घेऊन तिथे क्वारंटाइन केंद्रं उभी केली. (क्वारंटाइन संपर्कात आलेल्यांसाठी, आयसोलेशन आजारी पडलेल्यांसाठी. आपण दोन्हीला सरसकट क्वारंटाइनच म्हणायचो.) तिथे जेवण होतं, डॉक्टर होते, पंखा होता. संडास दिवसातून अनेकदा धुतले जात. संस्थांनी धान्याच्या पिशव्या घरोघर पोचवल्या. एप्रिलमध्ये रुग्णवाढीचा रोजचा वेग 12 टक्के होता, जूनमध्ये तो एका टक्क्याच्या आसपास आला. जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेतलं.

यावर एक रास्त शंका आहे : रोखलं की नकळत होऊन गेलं? 2020 च्या जुलैत मुंबईतल्या तीन विभागांत रक्ततपासण्यांची पाहणी झाली. झोपडपट्ट्यांत सुमारे 57 टक्के लोकांच्या रक्तात संसर्ग होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या, इमारतींत 16 टक्के. धारावीचा विभाग त्या पाहणीत नव्हता, पण चित्र तिथे फार वेगळं असेल असं मला वाटत नाही. म्हणजे धारावीने विषाणू संपवला, ही गोष्ट जशी छापून आली तितकी सरळ नाही. तरीही रुग्ण लवकर शोधणं आणि घर सोडणाऱ्याला जेवणाची हमी देणं, यांनी माणसं वाचवली हे मी मानतो. केंद्रात जायला लोक तयार झाले, कारण तिथे ताट वाढलेलं होतं.

उलट बाजूही त्याच वर्षीची. 8 मे 2020 च्या पहाटे तेव्हाच्या औरंगाबादजवळ करमाडला रेल्वेरुळांवर झोपलेल्या 16 मजुरांना मालगाडीने चिरडलं. जालन्यात काम करणारी ही माणसं होती. काम थांबलं म्हणून मध्य प्रदेशातल्या घरी निघालेली, भुसावळच्या दिशेने रूळ धरून चालत. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत रुळांमध्ये पडलेल्या पोळ्यांचे फोटो होते. ही माणसं नियम मोडायला बाहेर पडली नव्हती. त्यांना घरी बसता येईल असं घर जालन्यात नव्हतं, एवढंच.

म्हणून शेजाऱ्याला डबा देणं हे पुण्याचं काम आहे की नाही ते बाजूला ठेवा. तो रोगप्रतिबंधाचा उपाय आहे, मास्कइतकाच. ज्याच्या घरी डबा पोचला तो बाजारात गेला नाही. जो बाजारात गेला नाही, त्याने तुमचा आर कमी केला.

## मदत करायची, पण शहाणपणाने

आमच्या इमारतीत पहिलं घर पॉझिटिव्ह आलं ते तिसऱ्या मजल्यावरचं. काका-काकू दोघंच, मुलगा परदेशात. पहिल्या दिवशी त्यांच्या दाराशी पाच घरांचे डबे. वरण-भात तीन ठिकाणचा. चौथ्या दिवशी एकही नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसरं कुणीतरी देतंय. काकूंनी कुणालाच फोन केला नाही, दोघांनी दूध-पोहे खाल्ले. पाचव्या दिवशी मी सहज विचारलं तेव्हा हे कळलं, आणि मला जिन्यातच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून आम्ही एक साधा नियम केला. एका आजारी घराला एकच जोडीदार घर. बाकीच्यांनी त्या जोडीदाराला सांगायचं, सोमवार माझा, मंगळवार तुझा. रोज सकाळी साडेआठला एक फोन, ताप किती, ऑक्सिजन किती, काय हवंय. ऑक्सिमीटर इमारतीत दोनच होते, ते फिरते ठेवले. बोट गार असेल किंवा नेलपॉलिश असेल तर आकडा चुकतो, म्हणून हात चोळून मग लावायचा. आकडा 94 च्या खाली आला, किंवा सहा मिनिटं घरातल्या घरात चालल्यावर तीनपेक्षा जास्त अंकांनी घसरला, की वाट न बघता डॉक्टर. कोविडमध्ये माणूस गप्पा मारत बसलेला असायचा आणि ऑक्सिजन 85. त्याला दम लागल्याचं जाणवतच नव्हतं. म्हणून "बरं वाटतंय ना?" यापेक्षा "आकडा सांगा" हा प्रश्न चांगला.

डबा द्यायची रीतही ठरली. दाराच्या कडीला पिशवी अडकवायची, बेल वाजवायची आणि खाली उतरायचं. "काकू, मी पहिल्या मजल्यावर पोचलो की मग दार उघडा हं." डबे परत घ्यायचेच नाहीत, घरात साठलेले आइस्क्रीमचे डबे एकदाचे कामी आले.

आणि विचारल्याशिवाय मदत करू नका. हा धडा मी पैसे घालून शिकलो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या वस्तीत आम्ही काही घरांना गव्हाची पोती दिली. गहू उत्तम होता. गिरणी बंद होती. दोन आठवडे ती पोती तशीच पडून, आणि त्यांना हवं काय होतं? तेल, गॅससाठी पैसे आणि मोबाइलचं रिचार्ज. तांदूळ रेशनवर फुकट मिळत होताच, माणशी पाच किलो. नुसत्या तांदळाचं करायचं काय? जिथे दुकान चालू आहे तिथे रोख रक्कम दिलेली बरी. ज्याचं घर त्याला कळतं. शिजवलेलं हवं असेल त्याची सोय वेगळी. राज्यात शिवभोजन थाळी दहा रुपयांवरून पाचावर आणली होती, आपल्या भागात ती कुठे मिळते हे सांगणं हीसुद्धा तेव्हा मदतच होती.

ताईंचा पगार हाही याच हिशेबातला. पहिल्या टाळेबंदीत बहुतेकांनी एप्रिलचा दिला. जूनपर्यंत निम्म्यांनी हात आखडता घेतला. पगार थांबला की ताप असतानाही माणूस कामाला येतं, आणि येतं ते तुमच्याच घरी.

## "मदतीला गेलो आणि मलाच झाला तर?"

हा प्रश्न भित्रेपणाचा नाही. साठीच्या पुढच्यांनी, मधुमेह-दम्याच्या रुग्णांनी, ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे त्यांनी दारोदार फिरू नये. त्यांच्यासाठी फोनची कामं भरपूर असतात : औषधाच्या दुकानाला यादी सांगणं, रुग्णालयात खाट आहे का विचारणं, एकट्या राहणाऱ्या आजींशी रोज दहा मिनिटं गप्पा. आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी अंथरुणावर बसून सगळं नियोजन सांभाळलं. वहीत रकाने आखून. त्या वहीपुढे आमचा ग्रुप म्हणजे नुसता गोंगाट.

आणि ज्यांना जावंच लागतं, त्यांचा विचार करा. आशाताई घरोघर तापमान आणि ऑक्सिजन मोजत फिरल्या ते मानधनावर, आणि जून 2021 मध्ये त्यांना संपावर जावं लागलं. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. टाळ्या वाजवणाऱ्या हातांनी दार उघडून त्यांना खरी माहिती दिली असती, तरी त्यांचं निम्मं काम हलकं झालं असतं.

## "बाहेरून आलेल्यांनीच आणला"

2020 च्या गणपतीला कोकणातल्या गावांनी मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांना वेशीवर अडवलं, कुठे झेडपीच्या शाळेत दहा दिवस ठेवलं. गावाची भीती खोटी नव्हती. जवळचं रुग्णालय दोन तासांवर असेल तर कोण घाबरणार नाही? पण त्यातही दोन प्रकार मी ऐकले. काही गावांनी शाळेत पाणी, वीज, अंथरूण आणि दोन वेळचं जेवण ठेवलं, चाकरमानी मुकाट राहिले. काहींनी नुसतं कुलूप दाखवलं. तिथे लोक रात्री आडवाटेने आपल्या घरी गेले आणि तापाबद्दल कुणालाच बोलले नाहीत.

माणूस आजार लपवतो तो लाजेने आणि भीतीने. 1897 च्या पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या अमलाखाली झडत्यांची दहशत इतकी होती की लोक रुग्ण लपवायचे. त्याच वर्षी, त्याच परिसरात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी रुग्णांसाठी दवाखाना चालवला होता. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका प्लेगग्रस्त मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. झडती घेणाऱ्याच्या हाती रुग्ण लागत नव्हते, आणि उचलून आणणारीला ते सापडत होते. त्यांच्या शौर्याबद्दल आपण नेहमी बोलतो, मला हा फरकही तितकाच महत्त्वाचा वाटतो.

म्हणून इमारतीत कुणाला झालं तर नाव ग्रुपवर टाकू नका. जोडीदार घराला आणि सेक्रेटरीला कळलं की पुरे. परिचारिका किंवा पोलिस तुमच्या इमारतीत भाड्याने राहत असतील तर त्यांना जिना बदलायला सांगू नका. हे आमच्याकडे कुणी सुचवलं होतं ते लिहीत नाही.

## "आत्ता तर काहीच नाही, मग आत्ता काय करायचं?"

मे 2025 मध्ये जगातल्या देशांनी महासाथीच्या तयारीचा करार मंजूर केला. लशी कशा वाटायच्या, जंतूंची माहिती कशी कळवायची वगैरे. चांगलं आहे, होऊ दे. आपल्या जिन्यापुरतं मात्र काम फार थोडं आहे.

ऑक्सिमीटर खणातून काढून त्यातले सेल बाहेर ठेवा, नाहीतर ते फुटून यंत्र खातात. माझं तसंच गेलं. घरातल्यांचं लसीकरण कुठवर आलंय ते एकदा डॉक्टरांना विचारा. ताप आणि खोकला असेल त्या दिवशी लग्नाला जाऊ नका. साथ असो नसो, आपल्याकडे "एवढ्याने काय होतंय" म्हणून जाण्याची फार वाईट खोड आहे. 108 रुग्णवाहिकेसाठी आणि 104 आरोग्याच्या सल्ल्यासाठी, हे दोन आकडे फ्रिजवर चिकटवा. आणि एक यादी करा : इमारतीत एकटं कोण राहतं, कुणाला रोजची कुठली औषधं लागतात, कुणाचं डायलिसिस असतं, कामाच्या ताईंचे नंबर काय.

आमची यादी बाईंच्या वहीत आहे. परवा ती पुन्हा उघडली तर त्यातले तिघं आता नाहीत, दोन घरं विकली गेलीत, आणि तिसऱ्या मजल्यावर नवे भाडेकरू आलेत. त्यांचा नंबर अजून घ्यायचाय.